सिकलसेलच्या रक्तातले न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी): मुळात खवळलेले, की नळीत खवळवलेले?

प्रश्न थोडक्यात असा. पीएचडीचं काम नागपुरातल्या प्रयोगशाळेत, नमुने गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतून. एसएस (दोन्ही पालकांकडून सिकलसेलचा जनुक आलेल्या) रुग्णाचं ५ मिलि रक्त हेपरिनच्या नळीत, मग तीन-चार तासांचा प्रवास, मग दुहेरी ग्रेडियंट (वेगवेगळ्या घनतेच्या द्रवांतून पेशींचे थर पाडणं), आणि शेवटी लाल पेशी फोडायचा बफर. निरोगी माणसाच्या रक्तात सगळं सुरळीत होतं. एसएस नमुन्यात मात्र न्यूट्रोफिलचा गोळा लालच राहतो, सीडी११बी (पेशीच्या पृष्ठभागावरची, चेतल्याची खूण) प्रचंड वाढलेलं दिसतं, कसलंही उत्तेजक न घालता नेट्स दिसतात (न्यूट्रोफिल स्वतःचा डीएनए उसवून बाहेर टाकतात ती जाळी), डीसीएफ या ऑक्सिडेशन दाखवणाऱ्या रंगाची चमक मोजपट्टीबाहेर जाते, आणि एकाच रुग्णाचे दोन दिवसांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. या पेशी खरंच इतक्या खवळलेल्या असतात का?

काही प्रमाणात असतात. पण तुमच्या आकड्यांतला बराच भाग रुग्णाच्या शिरेत नाही, तुमच्या नळीत तयार झालेला असणार. सिकलसेलचं रक्त हे नेहमीच्या रक्तासारखं हाताळायचं रक्त नाही. न्यूट्रोफिल वेगळे करायच्या बहुतेक पद्धती लाल पेशी नेहमीसारख्या वागतील या भरवशावर बेतलेल्या आहेत, आणि इथे नेमक्या लाल पेशीच नेहमीसारख्या वागत नाहीत.

आधी खरा भाग किती, ते पाहू. शांत काळातही एसएस रुग्णांच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात, आणि ती वाढ निरुपद्रवी नसते. १९९४ साली अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत, मूळ गणना १५,००० च्या वर असणं हे अकाली मृत्यूच्या धोक्याच्या खुणांपैकी एक ठरलं. १९९५ च्या हायड्रॉक्सियुरिया चाचणीत २९९ प्रौढ होते. वर्षाला क्रायसिसचा (शिरा अडून येणाऱ्या तीव्र वेदनांच्या झटक्यांचा) मध्यक प्लासिबो गटात ४.५, तर औषधाच्या गटात २.५ होता, आणि फायद्याचं नातं गर्भीय हिमोग्लोबिनइतकंच न्यूट्रोफिल कमी होण्याशीही दिसलं. उलट बाजूचा पुरावा जास्त बोलका आहे: न्यूट्रोफिल वाढवणारं जी-सीएसएफ दिल्यावर सिकलसेल रुग्णांना तीव्र क्रायसिस आल्याच्या, दगावल्याच्याही नोंदी आहेत. उंदरांवरच्या प्रयोगांत २००२ साली दिसलं, की बारीक शिरांच्या भिंतीला आधी पांढऱ्या पेशी चिकटतात आणि त्या जाणाऱ्या लाल पेशींना पकडून वाट अडवतात. २००९ मध्ये त्यातला दुवा कळला: शिरेच्या अस्तरावरच्या ई-सिलेक्टिनकडून इशारा मिळाल्यावर न्यूट्रोफिलच्या पुढच्या कडेवरचं मॅक-१ हे चिकटण्याचं प्रथिन जागं होतं, आणि तेच लाल पेशीला धरून ठेवतं. म्हणजे सीडी११बी मोजायचा तुमचा विचार योग्यच आहे, कारण मॅक-१ चा अर्धा भाग तोच. अडचण अशी, की सीडी११बीचा मोठा साठा पेशीच्या आतल्या कणिकांत आणि पुटिकांत तयार असतो. नळी हलवली, थंड करून पुन्हा गरम केली, जोरात फिरवली, तरी तो साठा पृष्ठभागावर येतो. हाताळणीचा राग सगळ्यात आधी याच खुणेवर दिसतो.

आता रक्त काढण्यापासून सुरुवात. एका नळीत सगळी कामं करायचा मोह सोडा. गणना आणि प्लाझ्मासाठी २ मिलि ईडीटीए, पेशींसाठी २.७ मिलि सायट्रेट, एवढं पहिल्या टप्प्याला पुरतं. ७ ग्रॅम हिमोग्लोबिनच्या मुलाकडून ५ मिलिपेक्षा जास्त मागायची गरजच राहत नाही. हेपरिन इथे दोन कारणांनी नको. ते पी-सिलेक्टिनचं (प्लेटलेट आणि शिरेच्या अस्तरावरचं चिकट प्रथिन) बंधन अडवतं, त्यामुळे प्लेटलेट चिकटलेले न्यूट्रोफिल खोटेच कमी दिसतात. शिवाय ते हिस्टोनला धरून नेट्सची वीण सैल करतं, आणि पीसीआरही बिघडवतं. ईडीटीए कॅल्शियम पूर्ण ओढून घेतं. प्लेटलेट-न्यूट्रोफिल जोडी कॅल्शियमवर टिकते, म्हणून तीही तुटते. सायट्रेट हा मधला मार्ग. फक्त त्यात रक्त ९ ला १ पातळ होतं, तेवढी गणनेत दुरुस्ती करा, आणि नळी खुणेपर्यंत भरलीच पाहिजे.

सुई २१ गेजची. दंडावरचा पट्टा एक मिनिटाच्या आत सोडायचा. बांधलेल्या हातात रक्त साचलं की प्राणवायू उतरतो आणि लाल पेशी तिथेच विळ्याचा आकार घेतात. पहिलं २ मिलि रक्त गणनेच्या नळीत जाऊ द्या, कारण सुई टोचताना भिंतीला झालेल्या इजेचा परिणाम त्यातच जास्त असतो. मूल दहा मिनिटं रडत असेल तर भिंतीला टेकलेले न्यूट्रोफिल प्रवाहात येतात आणि गणना वाढते. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण नोंदवहीत ‘रडत होतं’ असा एक रकाना ठेवा. पुढे एखादा विचित्र आकडा त्यावरूनच सुटतो. वेळही ठरलेली हवी, सकाळी ९ ते ११ म्हणा. रक्तात फिरून ‘वय झालेल्या’ न्यूट्रोफिलचं प्रमाण दिवसाच्या तासांनुसार बदलतं, त्यामुळे एकाच रुग्णाचे सकाळचे आणि संध्याकाळचे आकडे मुळातच जुळणार नाहीत.

या वय झालेल्या न्यूट्रोफिलवर थोडं थांबायला हवं, कारण तुमच्या प्रवासाचा घोळ इथे आहे. २०१५ साली असं दाखवलं गेलं, की पृष्ठभागावरच्या दोन खुणांपैकी सीडी६२एल कमी आणि सीएक्ससीआर४ जास्त असलेले जुने न्यूट्रोफिल सिकलसेलच्या उंदरांत फार वाढलेले असतात, ते जास्त चिकट असतात, आणि आतड्यातले जिवाणू प्रतिजैविकांनी कमी केले तर तेही कमी होतात. कल्पना आकर्षक आहे, आणि सगळ्यांना ती आपल्या रुग्णांत पाहायची असते. पण नळीत नुसते पडून राहिलेले न्यूट्रोफिलही काही तासांत सीएक्ससीआर४ वर आणतात आणि हलवाहलवीत सीडी६२एल गाळून टाकतात. गडचिरोलीहून नागपूर सुमारे १७० किलोमीटर. मे महिन्यात गाडीत ठेवलेली नळी चार तासांनी उघडली, तर जे वय तुम्ही मोजता ते रुग्णाच्या शरीरातलं नसून रस्त्यातलं असतं. थर्माकोलच्या डब्यात बर्फ टाकणं हा उपाय नव्हे, त्याने सीडी११बी आणखी बिघडतं. २० ते २४ अंश हवेत. त्यासाठी बर्फाऐवजी त्याच तापमानाला आणलेली जेल-पाकिटं वापरा.

खरा उपाय म्हणजे पेशींना प्रवासच करू द्यायचा नाही. रक्त काढलं त्याच जिल्हा रुग्णालयात, अर्ध्या तासाच्या आत, रंगवून स्थिर करायचं. त्याला सेंट्रिफ्यूजही लागत नाही. प्रतिपिंडांचं मिश्रण आदल्या दिवशी नळ्यांत भरून ४ अंशावर ठेवा. तिथे नेल्यावर खोलीच्या तापमानाला येऊ द्या. प्रत्येक नळीत १०० मायक्रोलिटर सायट्रेटचं रक्त, हळू हलवा, २० मिनिटं अंधारात. मग फॉर्माल्डिहाइड असलेलं फिक्स-लाइज (पेशी स्थिर करून लाल पेशी फोडणारं) द्रावण २ मिलि, १० मिनिटं. हे झालं की नळी ४ अंशाला ठेवून २४ तासांत वाचता येते. धुवायचं असेल तर ३०० जी, ५ मिनिटं, आणि तेही नागपुरात पोचल्यावर.

मिश्रणात किमान हे हवेत: सीडी४५, सीडी६६बी, सीडी१६, सीडी११बी, सीडी६२एल, सीएक्ससीआर४, प्लेटलेटसाठी सीडी४१ किंवा सीडी६१, आणि लाल पेशींसाठी सीडी२३५ए. सीएक्ससीआर४ चा संकेत मुळात मंद असतो, त्याला पीई किंवा बीव्ही४२१ सारखा उजळ आणि एकसंध रंग द्या. पीई-साय७ सारखे जोडरंग फॉर्माल्डिहाइडमध्ये रात्रभरात तुटतात आणि त्यांची गळती पीईच्या रकान्यात जाऊन बसते, म्हणजे खोटं सीएक्ससीआर४. फ्लो सायटोमीटरचा (एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्राचा) ट्रिगर, म्हणजे कोणता कण मोजायचा ते ठरवणारी खूण, पेशीच्या आकारावर ठेवू नका. सिकलसेलच्या बऱ्याच लाल पेशी या द्रावणात फुटतच नाहीत, आणि त्या लाखो कणांत न्यूट्रोफिल बुडून जातात. सीडी४५ वर किंवा डीएनए रंगावर ट्रिगर लावा. मध्यक चमक दोन दिवसांत किंवा दोन शहरांत तुलना करायची असेल तर रोज तेच प्रमाणित मणी चालवल्याशिवाय तो आकडा लिहूच नका. तुमचे दोन दिवसांचे आकडे न जुळण्यामागे हेही एक कारण असू शकतं.

त्याच रक्ताचे तीन भाग केले तर आणखी उपयोगी माहिती मिळते. एक लगेच स्थिर केलेला, दुसरा ३७ अंशाला १० मिनिटं नुसता ठेवलेला, तिसरा तेवढाच वेळ १०० नॅनोमोलर एफएमएलपी हे उत्तेजक घालून. पहिला आकडा म्हणजे रुग्णातली स्थिती, दुसरा तुमच्या हाताळणीचा वाटा, आणि तिसऱ्यातून पेशीत अजून किती दम शिल्लक आहे ते कळतं. आधीच दमलेल्या न्यूट्रोफिलचं सीडी११बी एफएमएलपीने फारसं चढत नाही. ‘वाढलेलं’ या एका शब्दापेक्षा हा फरक कितीतरी जास्त सांगतो.

न्यूट्रोफिल ओळखतानाचा एक सापळा परदेशी प्रोटोकॉलमध्ये सहसा ठळक दिसत नाही, तो आपल्याकडचा आहे. सीडी६६बी इओसिनोफिलवरही (पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार) असतं, आणि इओसिनोफिलवर सीडी१६ जवळजवळ नसतं. पोटात जंत असलेल्या मुलाच्या रक्तात इओसिनोफिल १०-१५ टक्के सहज असतात. सीडी६६बी धरून सीडी१६ कमी असलेल्या पेशी ‘अपरिपक्व किंवा जुने न्यूट्रोफिल’ म्हणून मोजल्या, तर तुम्ही दाह नव्हे, जंत मोजलेत. इओसिनोफिल ओळखू येतील असं सिग्लेक-८ घाला, बजेट नसेल तर रंग न लावलेल्या नळीत हिरव्या रकान्यातली त्यांची स्वतःची चमक पाहून त्या वगळा. आणि त्याच दिवशीची लिशमन रंगाची काचपट्टी डोळ्याने पाहा. शंभर पेशींची ती मोजणी कोणत्याही महाग यंत्राला जागेवर आणते.

त्या काचपट्टीचं दुसरं काम केंद्रकधारी लाल पेशी मोजण्याचं. बरीच स्वयंचलित गणनायंत्रं त्यांना पांढऱ्या पेशींत धरतात. दुरुस्ती सोपी: दिसलेली गणना गुणिले १००, भागिले १०० अधिक दर शंभर पांढऱ्या पेशींमागे दिसलेल्या केंद्रकधारी लाल पेशी. यंत्र १८,००० म्हणालं आणि पट्टीवर २० दिसल्या, तर खरी गणना १५,०००. ही दुरुस्ती न करता न्यूट्रोफिलची निरपेक्ष संख्या काढली तर पुढचं प्रत्येक गुणोत्तर चुकतं.

तरीही काही प्रयोगांना वेगळे केलेले, जिवंत न्यूट्रोफिल लागतातच: नेट्स, चिकटणं, आरएनए. आता गोळा लाल का राहतो ते पाहू.

डेक्स्ट्रानने लाल पेशी खाली बसतात, कारण त्या नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींवर रचल्या जातात आणि चळत जड होते. विळ्याच्या आकाराच्या पेशींची चळत लागत नाही. याच कारणाने सिकलसेल रुग्णाचा ईएसआर (लाल पेशी खाली बसण्याचा वेग) दाह असूनही कमी येतो, हे पॅथॉलॉजीच्या पहिल्या वर्षाला शिकवतात आणि प्रयोगशाळेत येईपर्यंत सगळे विसरतात. ३ टक्के डेक्स्ट्रानमध्ये निरोगी रक्त २०-३० मिनिटांत स्वच्छ वेगळं होतं; एसएस रक्तात तासाभरानेही वरचा थर गुलाबीच राहतो.

ग्रेडियंटमध्ये अडचण वेगळी. १.०७७ आणि १.११९ घनतेच्या दोन थरांमध्ये न्यूट्रोफिल अडकावेत आणि लाल पेशी तळाला जाव्यात, असा हिशेब आहे. एसएस रक्तात लाल पेशींची घनता पसरलेली असते. सुकलेल्या, कायमच्या वाकड्या पेशी तळाला जातात, पण रेटिक्युलोसाइट, म्हणजे नुकत्याच बनलेल्या तरुण लाल पेशी, हलक्या असतात, आणि त्या इथे भरपूर असतात. त्या न्यूट्रोफिलच्या थरात, कधी त्याच्याही वर तरंगतात. उलट, चेतवलेले न्यूट्रोफिल कणिका रिकाम्या करून हलके होतात आणि मोनोन्यूक्लियर पेशींच्या थरात जाऊन बसतात. तुम्ही खालचा थर उचलता तेव्हा सगळ्यात दाहक पेशी वरच्या थरात टाकून देता. दोन्ही थर रंगवून पाहा. वरच्या थरात सीडी६६बी असलेल्या पेशी किती, हा स्वतःच एक मोलाचा आकडा आहे. आणि नळी जास्त वेळ बंद उभी ठेवू नका. पांढऱ्या पेशी आतला प्राणवायू वापरत राहतात आणि लाल पेशी नळीतच विळे होतात.

मग येतो बफर, आणि माझ्या मते तुमच्या खोट्या नेट्सचा मुख्य गुन्हेगार हाच. सुकलेल्या आणि लक्ष्यपेशी प्रकारच्या लाल पेशी पातळ क्षारद्रावणात सहज फुटत नाहीत. ०.२ टक्के मीठ-पाण्यात ३० सेकंद आणि लगेच तेवढंच १.६ टक्के, या नेहमीच्या कृतीने बऱ्याच तशाच राहतात. मग माणूस दुसऱ्यांदा करतो, तिसऱ्यांदा करतो. दर वेळी न्यूट्रोफिलला धक्का बसतो आणि द्रावणात हिमोग्लोबिन सुटतं. किती सुटतं याचा हिशेब एकदा मांडून बघा. गोळ्यात १० कोटी लाल पेशी शिल्लक आहेत असं धरा. रुग्णाच्या गणनेने ही जेमतेम ३०-३५ मायक्रोलिटर रक्तातली संख्या. प्रत्येकीत ३० पिकोग्रॅम धरलं तर ३ मिलिग्रॅम हिमोग्लोबिन. दर रेणूत चार हीम (हिमोग्लोबिनमधला लोह असलेला भाग), म्हणजे सुमारे १८५ नॅनोमोल हीम. १० मिलि द्रावणात हे झालं १८ मायक्रोमोलरच्या आसपास. नेट्स मुद्दाम उठवायला लोक १० ते २० मायक्रोमोलर हीम घालतात! हिमोग्लोबिनमधलं सगळं हीम लगेच मोकळं होत नाही, हे खरं. पण ऑक्सिडेशन झालं की सुटायला लागतं, आणि धुतलेल्या पेशींभोवती त्याला बांधून ठेवणारं अल्ब्युमिन किंवा हिमोपेक्सिन उरलेलं नसतं. म्हणजे तुमच्या ‘उत्तेजक नसलेल्या’ नळीत उत्तेजक होतंच.

त्यामुळे जिवंत पेशींसाठी लाल पेशी फोडू नका. चुंबकी मण्यांची ऋण-निवड वापरा: नको त्या पेशी मण्यांना बांधून बाजूला काढायच्या, न्यूट्रोफिलला हात लावायचा नाही. खर्चिक आहे, पण तीन वेळा वाया गेलेल्या नमुन्यापेक्षा स्वस्त. यातही एक खोच आहे. बहुतेक संचांत प्लेटलेट आणि लाल पेशी ओढणारी प्रतिपिंडं असतात. ज्या न्यूट्रोफिलला प्लेटलेट किंवा लाल पेशी चिकटलेली आहे, तो त्यांच्याबरोबर ओढला जाऊन कचऱ्यात जातो, आणि सिकलसेलमध्ये नेमके तेच न्यूट्रोफिल महत्त्वाचे. निवडीच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा सीडी४१ चिकटलेल्यांचं प्रमाण लिहा. आधी २५ आणि नंतर ५ टक्के असं दिसलं, तर उरलेल्या पेशींवरचा निष्कर्ष ‘सौम्य उरलेल्यांचा’ आहे, हे शोधनिबंधात कबूल करा.

हाती किती येईल याचाही अंदाज आधी बांधा. न्यूट्रोफिल ६,००० प्रति मायक्रोलिटर असतील तर १ मिलि रक्तात ६० लाख. निम्मे मिळाले तरी ३० लाख. काचेच्या गोल तुकड्यावर २ लाख लागतात. म्हणजे १ मिलि रक्तात नेट्सचा पूर्ण प्रयोग बसतो. शुद्धता ९५ टक्क्यांच्या वर, जिवंतपणा ९७ च्या वर. त्याखाली असेल तर त्या दिवशीचा प्रयोग सोडून द्या. रक्त थोडं म्हणून वाईट पेशी वापरल्या, तर रुग्णाचं रक्त खरं तेव्हाच वाया जातं.

नेट्ससाठी पॉलि-एल-लायसिन लावलेली काच, फेनॉल रेड नसलेलं आरपीएमआय, आणि सीरम शक्यतो नकोच. ५६ अंशाला तापवलेल्या सीरममध्येही डीएनए खाणारी विकरं टिकतात, त्यासाठी ७० अंश लागतात. पेशी अर्धा तास टेकू द्या. मग चार गट: काहीच नाही, पीएमए (नेहमीचं तीव्र उत्तेजक) २५ नॅनोमोलर, हेमिन (हीमचं प्रयोगशाळेत वापरतात ते रूप) १० मायक्रोमोलर, आणि हेमिन ज्यात विरघळवलं ते नुसतं द्रावण. शेवटचा गट बरेच जण विसरतात, आणि ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडचे चार थेंबही पेशींना पुरेसे असतात. हेमिन त्याच दिवशी, अंधारात बनवा. शिळं झालं की ते गुठळ्या करतं आणि प्लास्टिकला चिकटतं. हीम टीएलआर४ या पेशीवरच्या ग्राहकामार्फत काम करतं, आणि जिवाणूंचं एंडोटॉक्सिनही त्याच मार्गाने. म्हणून हेमिनच्या बाटलीत एंडोटॉक्सिन नाही हे दाखवावंच लागतं. पॉलिमिक्सिन-बी घाला: परिणाम गेला तर तो एंडोटॉक्सिनचा होता. हिमोपेक्सिन घाला: परिणाम गेला तर तो हीमचा.

तीन-साडेतीन तासांनी स्थिर करून इलॅस्टेज, सिट्रुलिन-हिस्टोन एच३ आणि डीएनए तिन्ही एका जागी दिसले, तरच नेट. सायटॉक्स ग्रीन या डीएनए रंगाची प्लेट सोयीची, पण ती प्रत्येक मेलेल्या पेशीला रंगवते, आणि चुकून आलेल्या केंद्रकधारी लाल पेशींनाही. वर हीम स्वतः प्रकाश शोषतं, त्यामुळे हेमिनच्या खळग्यात चमक कमीही दिसू शकते. डीएनेझ घातलेला एक खळगा हवाच. जाळं असेल तर ते विरघळलं पाहिजे.

डीसीएफबद्दल लांबण नको: सोडून द्या. हा रंग हीम आणि लोहामुळे थेट ऑक्सिडाइज होतो, पेशीने काहीही केलं नाही तरी. ल्युमिनॉलचंही तेच, पोलीस पुसलेले रक्ताचे डाग शोधायला ल्युमिनॉल वापरतात ते याच गुणामुळे. त्याऐवजी डायहायड्रोरोडामिन हा रंग फ्लो सायटोमीटरवर, फक्त न्यूट्रोफिलच्या गेटमध्ये मोजा, आणि ऑक्सिडेज बंद पाडणाऱ्या डीपीआय १० मायक्रोमोलरचा गट ठेवा. डीपीआयने जी चमक उतरत नाही, ती न्यूट्रोफिलच्या ऑक्सिडेजची नाही. प्रत्येक रुग्णाची जी६पीडी या विकराची चाचणीही करून घ्या. मध्य भारतातल्या आदिवासी समूहांत ही कमतरता सिकलसेलच्या सोबतीने आढळते, आणि ती तीव्र असेल तर एनएडीपीएच कमी पडून ऑक्सिडेज आणि नेट्स दोन्ही मंदावतात. एक गट विनाकारण ‘शांत’ दिसण्यामागे हे निघू शकतं.

प्लाझ्मासाठी रक्त एका तासात फिरवा: २,००० जी १५ मिनिटं, वरचं काढून पुन्हा २,५०० जी १५ मिनिटं, मग २०० मायक्रोलिटरचे भाग करून उणे ८० अंशाला. एकदा वितळलेला भाग परत गोठवायचा नाही. मोकळा डीएनए वाढलेला दिसला की लगेच ‘नेट्स’ लिहू नका. अस्थिमज्जेत भराभर लाल पेशी बनताना बाहेर पडणारी केंद्रकंही त्यात असतात. एलायझामध्ये मोकळं हिमोग्लोबिन पेरॉक्सिडेजसारखं वागून पार्श्वभूमी वाढवतं, म्हणून लालसर प्लाझ्माच्या खळग्यांना एकदा जास्त धुवा आणि प्रतिपिंडाशिवायचा खळगा ठेवा. प्रत्येक नमुन्याचं ४१४ नॅनोमीटरचं शोषण लिहून ठेवा, म्हणजे हीमचा वाटा नंतर तपासता येतो.

आयएल-८ (न्यूट्रोफिलना बोलावणारा संदेश-रेणू) साठी खास सूचना. लाल पेशींवरचं डफी प्रथिन आयएल-८ ला धरून ठेवतं. पश्चिम आफ्रिकी वंशाच्या बहुतेक लोकांच्या लाल पेशींवर डफी नसतं. आपल्याकडे बहुतेकांना असतं. म्हणजे नळीत लाल पेशी फुटल्या की आपल्या रुग्णांत धरलेलं आयएल-८ प्लाझ्मात उतरतं आणि आकडा चढतो. अमेरिकन निबंधातल्या पातळ्यांशी तुमच्या पातळ्या न जुळण्याचं हे एक साधं कारण आहे. डफी नसलेल्यांत न्यूट्रोफिलची मूळ गणनाही कमी असते, तेव्हा तिकडचे संदर्भ-आकडे उचलून इकडे लावू नका.

तसंही आपल्याकडचा आजार थोडा वेगळ्या चेहऱ्याचा आहे. विदर्भ, छत्तीसगड, ओडिशाकडे अरब-भारतीय हॅप्लोटाइप (सिकलसेल जनुकाभोवतीचा आनुवंशिक नमुना) असतो, गर्भीय हिमोग्लोबिन बऱ्याचदा जास्त, अल्फा थॅलसेमिया अनेकदा सोबत, आणि प्लीहा मोठ्या वयापर्यंत वाढलेली राहते. पांढऱ्या पेशींच्या गणनेवर प्लीहेचा थेट परिणाम होतो: नसलेली प्लीहा गणना वाढवते, वाढलेली खाली ओढते. पोट तपासून प्लीहा किती बोटं लागते ते लिहा. विद्राव्यतेच्या चाचणीवर किंवा जुन्या कार्डावर विसंबून एसएस ठरवू नका. एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे मोजणारी चाचणी) करा, एस-बीटा थॅलसेमिया वेगळा काढा. शांत काळ म्हणजे चार आठवडे क्रायसिस नाही आणि तीन महिने रक्त चढवलेलं नाही. हायड्रॉक्सियुरिया चालू असेल तर किलोमागे किती मिलिग्रॅम आणि किती महिन्यांपासून. नागपूरकडच्या मुलांना किलोमागे १० मिलिग्रॅमचा कमी डोसही लागू पडल्याचं प्रसिद्ध झालेलं आहे, त्यामुळे ‘घेतो / घेत नाही’ एवढी नोंद पुरत नाही. गडचिरोलीच्या नमुन्यांत मलेरियाची पट्टी आणि सीआरपी (दाहाची चाचणी) त्याच दिवशी. तुलनेला नागपुरातले सहकारी नकोत. त्याच गावातली एए (सिकलसेलचा जनुक नसलेली) आणि एएस (एकच जनुक असलेली) भावंडं घ्या, तेच पाणी, तेच जंत, तेच डास.

एवढी काळजी कशासाठी, तर या क्षेत्रात खुणेवरून औषधापर्यंतची उडी बऱ्याचदा फसली आहे. पी-सिलेक्टिन अडवणाऱ्या क्रिझानलिझुमॅबच्या २०१७ च्या चाचणीत वार्षिक क्रायसिस प्लासिबो गटात २.९८, तर जास्त डोसच्या गटात १.६३ होते. पुढच्या मोठ्या चाचणीत प्लासिबोपेक्षा फायदा दिसला नाही आणि २०२३ मध्ये युरोपातली मान्यता गेली. मार्ग खरा होता. कोणत्या रुग्णात तो किती भार उचलतो, हे कळलेलं नव्हतं. ते कळायला लागतील असे आकडे तुमच्याकडे तयार होऊ शकतात, पण आत्ताच्या नळीतून नाही.

पुढचे रुग्ण बोलावण्याआधी एक आठवडा द्या. तीन निरोगी आणि दोन स्थिर एसएस स्वयंसेवक, प्रत्येकी एकच सायट्रेट नळी, आणि त्याच नळीतून ०, १, २ आणि ४ तासांना १०० मायक्रोलिटर काढून रंगवा. सीडी११बी, सीडी६२एल आणि सीएक्ससीआर४ चे आलेख काढा. एसएस आणि निरोगी यांतला फरक शून्य तासाला जेवढा आहे तेवढाच धरायचा. पुढे जो वाढत जातो तो वेळेचा आणि हाताळणीचा. हेच एकदा मे महिन्यात आणि एकदा डिसेंबरमध्ये करा. आणि आजवरच्या हेपरिन नळ्यांचे आकडे फेकू नका: प्रत्येकापुढे रक्त काढल्याची आणि रंगवल्याची वेळ असेल, तर तासांप्रमाणे मांडून बघा. रेघ चढती निघाली तर दोन दिवसांचे आकडे का जुळत नव्हते त्याचं उत्तर त्याच वहीत आहे.